लिहिलेला हक्क आणि राखलेला हक्क

ग्रंथपरीक्षणाच्या पानांत एखाद्या राजकीय निवेदनास जागा द्यावी कीं नाहीं, अशी शंका कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. काव्य, नाटक, कादंबरी, फार तर चरित्र, यांपलीकडे वाङ्मय नाहीं अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आणि कलमें, पोटकलमें व टिपा यांनीं भरलेलें पुस्तक वकिलाच्या कपाटांत शोभावें, गृहस्थाच्या टेबलावर नव्हे, असें आपण धरून चालतों. परंतु एखाद्या लेखकानें परक्या राष्ट्राचा इतिहास बारकाईनें वाचला, त्यांतील यश आणि अपयश निवडून वेगळें केलें, आणि त्या वाचनाचें फळ स्वदेशाच्या कामीं आणलें, तर तें कार्य मूलतः टीकाकाराचेंच होय. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं मार्च १९४७ मध्यें प्रसिद्ध केलेलें ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’, म्हणजे ‘राज्यें आणि अल्पसंख्याक’, हें इंग्रजी निवेदन या अर्थानें टीकावाङ्मयांत मोडतें. अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनें घटना समितीपुढें ठेवण्यासाठीं तें लिहिलें गेलें. महाराष्ट्र शासनानें १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या समग्र लेखनाच्या पहिल्याच खंडांत तें वाचावयास मिळतें. अमेरिकेंतील नागरी हक्कांचा व मताधिकाराचा इतिहास शेजारीं ठेवून त्याचें परीक्षण करावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कारण त्या इतिहासावांचून या पुस्तकांतील अनेक कलमें आपणांस मुकीं वाटतात.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं संबंध आंबेडकरांपासून सुरू होत नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती संयुक्त संस्थानांतील सज्जनांस अर्पण करून; गुलामांच्या मुक्ततेसाठीं त्या लोकांनीं दाखविलेल्या औदार्याचा व स्वार्थत्यागाचा तो गौरव होता. पुण्यास बसून लिहिणाऱ्या मनुष्यानें सातासमुद्रांपलीकडील लढ्यांत आपल्या लढ्याचें प्रतिबिंब पाहावें, ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हे. त्या वेळचें चित्रहि मोठें आशादायक होतें. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनें गुलामगिरी नष्ट झाली होती. १८६६ सालीं नागरी हक्कांचा पहिला कायदा झाला होता. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनें नागरिकत्व आणि कायद्याचें समान संरक्षण दिलें, आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनें वंश, वर्ण किंवा पूर्वीचें दास्य या कारणांवरून मत नाकारण्यास बंदी घातली. दक्षिणेंत कृष्णवर्णीय मतदार मतें देत होते व त्यांचे प्रतिनिधि कायदेमंडळांत बसत होते. फुल्यांनीं पाहिली ती या दिवसाची पहांट होती. तो दिवस पुढें कसा गेला हें पाहणें मागाहून येणाऱ्यांच्या वांट्यास आलें.

ऊन लवकरच कललें. १ मार्च १८७५ रोजीं अमेरिकन काँग्रेसनें नागरी हक्कांचा आणखी एक कायदा केला. खाणावळी, प्रवासाचीं वाहनें, नाटकगृहें अशा ठिकाणीं सर्व वर्णांच्या लोकांस सारखा प्रवेश मिळावा, असा त्याचा आशय होता. आठ वर्षांनीं, १८८३ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें तो रद्दबातल ठरविला. न्यायालयाचें म्हणणें असें कीं, चौदावी दुरुस्ती सरकारांचे हात बांधते, खासगी खाणावळवाल्याचे नव्हे. न्यायमूर्ति हार्लन तेवढे एकटे विरुद्ध गेले. पुढें १८९६ सालीं त्याच न्यायालयानें आगगाडींतील वर्णवार डबे ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर वैध मानले, आणि त्या वेळींहि विरोधाचा निकाल लिहिणारे हार्लन एकटेच होते.

मताधिकाराची कथा याहून सूक्ष्म आहे. पंधरावी दुरुस्ती उघडपणें मोडणें शक्य नव्हतें; म्हणून ती न मोडतां निष्फळ करण्याची युक्ति निघाली. मिसिसिपी संस्थानानें १८९० च्या आपल्या नव्या घटनेंत दोन डॉलरांची मतपट्टी बसविली, आणि घटनेचें कोणतेंहि कलम मतदारास वाचतां यावें किंवा दुसऱ्यानें वाचून दाखविल्यास समजावें, अशी अट घातली. समजलें कीं नाहीं हें ठरविणारा अधिकारी अर्थात् गोरा. लुइझियानानें १८९८ सालीं अशा अटींतून त्या लोकांस सूट दिली, ज्यांचे बाप किंवा आजे १८६७ च्या आरंभापूर्वीं मतदार होते. गुलामाच्या नातवास ही सूट लाभणें अशक्यच होतें. या नियमांत ‘वर्ण’ हा शब्द कोठेंहि नव्हता. तथापि त्या एका संस्थानांत १८९६ सालीं १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, ते १९०४ सालीं १,३४२ उरले. पंधरावी दुरुस्ती मात्र या सर्व काळांत घटनेच्या पुस्तकांत जशीच्या तशी छापलेली होती.

कळमन्याचा बाजार ज्यांच्या रोजच्या पाहण्यांतला आहे, त्यांस हें रहस्य समजण्यास कायद्याचे ग्रंथ उघडावयास नकोत. माप खरें असावें हा नियम कोणत्याहि बाजारांत असतोच. परंतु काटा तपासतो कोण, त्यावर शिक्का मारतो कोण, आणि तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याचा माल दुसऱ्या दिवशीं लिलावांत कोणी घेईल कीं नाहीं, यांवर त्या नियमाची खरी किंमत ठरते. मापांत पाप करणारा मनुष्य नियम फाडून टाकीत नाहीं. तो भिंतीवर तसाच टांगलेला असण्यांतच त्याची सोय असते. लिहिलेला हक्क आणि राखलेला हक्क यांतील अंतर तें हेंच.

हें अंतर आंबेडकरांनीं फार लवकर हेरलें. १९१३ ते १९१६ या वर्षांत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत होते, म्हणजे वर सांगितलेली व्यवस्था पूर्ण भरांत असतांना ते त्या देशांत शिकत होते. १९१९ सालीं साउथबरो समितीपुढें साक्ष देतांना, प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्यांत अधिकारपद धारण करण्याचा हक्क यांवांचून नागरिकत्वास अर्थ नाहीं, अशी भूमिका त्यांनीं मांडली. ८ ऑगस्ट १९३० रोजीं येथें नागपुरास भरलेल्या अखिल भारतीय दलितवर्ग काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. तेथें त्यांनीं स्वराज्याचा पुरस्कार केला, पण तो संरक्षणांच्या अटीसह. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, लंडनच्या गोलमेज परिषदेंत, रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनीं संरक्षणांची जी योजना सादर केली, तिच्यांत कलमांच्या आधारासाठीं चौदावी घटनादुरुस्ती तसेच १८६६ व १८७५ चे अमेरिकन कायदे नांवानिशीं दिले आहेत. सतरा वर्षांनीं ‘राज्यें आणि अल्पसंख्याक’ मध्यें तेच आधार पुन्हां येतात.

येथें विचारी वाचकानें क्षणभर थांबलें पाहिजे. १८७५ चा कायदा १८८३ सालींच मेला होता. मग १९३० सालीं, आणि पुन्हां १९४७ सालीं, मेलेल्या कायद्याचा आधार कशासाठीं? पुस्तकाच्या टिपेंत कायद्यांचीं नांवें व वर्षें येतात. त्यांमागील कथा वाचकास स्वतः मिळवावी लागते. परंतु ती मिळविल्यावर लेखकाची दृष्टि स्पष्ट होते. त्या कायद्याचा आशय चुकीचा नव्हता. त्यास आधार देणारी घटना अपुरी होती, आणि न्यायालयानें नेमकें त्या अपुरेपणावर बोट ठेवलें. म्हणून आंबेडकरांनीं तो आशय साध्या कायद्यांतून उचलून घटनेच्याच गाभ्यांत नेऊन बसविला. विषम वागणूक हा तेथें नुसता दोष राहत नाहीं, अपराध होतो. आणि ज्या खासगी माणसास अमेरिकेच्या न्यायालयानें मोकळें सोडलें, त्यासहि कायद्याच्या कक्षेंत आणण्यासाठीं त्यांनीं दुसरें शस्त्र ब्रह्मदेशाकडून घेतलें: १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा. पाणवठा बंद करणें, दुकानदारानें माल न देणें, मजुरी तोडणें, वाट अडविणें, हीं सर्व कृत्यें सरकारचीं नसतात; गांवाचीं असतात. अमेरिकेच्या कायद्यांत न सांपडणारें हें कलम आपल्या गांवगाड्याच्या अनुभवांतून आलें आहे.

तो अनुभव दूरचा नव्हता. १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळानें सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें आपलें तळें खुलें केल्याचा ठरावहि केला. ठराव झाला, पण ओंजळभर पाणी कोणास घेतां आलें नाहीं. तें घेण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं मोर्चा न्यावा लागला, मार खावा लागला, आणि पुढें मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास १९३७ उजाडलें. लुइझियानाचा मतदार आणि महाडचा तहानलेला मनुष्य हे एकाच व्यथेचे रोगी होते. दोघांचाहि हक्क कागदावर निरोगी होता.

आतां ग्रंथ म्हणून या निवेदनाकडे वळूं. त्याची रचना तीन थरांची आहे: आधीं प्रस्तावित उद्देशपत्रिका, मग कलमें, मग टिपा. उद्देशपत्रिकेंत भावी राष्ट्रास ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ असें नांव सुचविलें आहे, आणि तिच्या शब्दकळेवर अमेरिकन घटनेच्या आरंभींच्या वाक्याची छाया उघड दिसते. कलमांची भाषा रुक्ष आहे, तशी ती असावयासच हवी. ग्रंथाचा प्राण टिपांत आहे. तेथें लेखक एकेक कलमाची बाजू मांडतो, प्रतिपक्षाचा आक्षेप आधीं स्वतःच उभा करतो, आणि मग त्यास उत्तर देतो. वाक्यें आंखूड, विशेषणें मोजकीं. मूलभूत हक्क आणि प्रौढ मताधिकार एवढें दिलें कीं लोकशाही सिद्ध झाली, या घटनापंडितांच्या समजुतीवर केलेला हल्ला तर या टिपांतील सर्वांत बलिष्ठ भाग आहे. बेकार मनुष्य नोकरीच्या आशेनें आपले हक्क सहज सोडून देतो; तेव्हां उपाशी पोटाच्या हक्कांस राखणदार कोण, हा त्यांचा प्रश्न आहे. मुख्य उद्योगधंदे, विमा व शेती राज्याच्या मालकीचीं करावीं, हें त्यांचें उत्तर सर्वांस पटेलच असें नाहीं. प्रस्तुत लेखकासहि तें शेतीपुरतें फार धाडसी वाटतें. परंतु प्रश्न खोटा आहे असें म्हणण्याची सोय उरत नाहीं.

दुसरा गुण म्हणजे पहारेकऱ्याची योजना. अल्पसंख्याकांच्या कारभारावर देखरेख ठेवणारा एक स्वतंत्र अधिकारी असावा, त्याचा दर्जा ऑडिटर-जनरलसारखा असावा, आणि त्यानें दरवर्षीं आपला अहवाल कायदेमंडळापुढें ठेवावा, असें हें निवेदन सुचवितें. पैशाचा हिशेब तपासावा तसा अन्यायाचा हिशेब तपासावा, ही कल्पना साधी दिसते. पण अमेरिकेस नागरी हक्कांचा आयोग नेमण्यास १९५७ पर्यंत वाट पाहावी लागली.

या ग्रंथाचा कच्चा भाग लपविणें हें परीक्षकाचें कर्तव्य नव्हे. अस्पृश्यांसाठीं स्वतंत्र वसाहती वसवाव्या, ही मागणी प्रथम ठरावरूपानें नागपुरासच, जुलै १९४२ च्या परिषदेंत, पुढें आली. १९४७ च्या निवेदनांत ती कलमाच्या रूपानें येते. १८९६ चा ‘वेगळे पण समान’ हा निकाल ज्यानें वाचला आहे, त्याच्या अंगावर येथें कांटा उभा राहावा. जो वेगळा डबा अमेरिकेंत अपमानाचें चिन्ह ठरला, तोच येथें मागून घ्यावयाचा काय? लेखकाच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, तेथें बलिष्ठानें दुर्बळास बाहेर ठेवण्यासाठीं रेघ ओढली होती. येथें दुर्बळ स्वतःच्या पायांवर उभें राहण्यासाठीं जागा मागत होता. गांवांत ज्याचें शेत नाहीं आणि ज्याची मजुरी गांवाच्या हातीं आहे, त्यास हक्क बजावतां येत नाहीं, हा त्यामागील विचार बरोबर आहे. तरीहि शंका उरतेच. एकदां रेघ ओढल्यावर लेखणी कोणाच्या हातीं राहील? वेगळ्या झालेल्या वस्त्या पुन्हां एकत्र येण्याची वाट कोणती? या प्रश्नांस निवेदन उत्तर देत नाहीं. इतिहासानें मार्गहि निराळा घेतला. नागपुरास १८७७ सालीं सुरू झालेली एंप्रेस गिरणी, रेल्वे, आणि शहराचीं इतर कामें यांनीं अनेक कुटुंबांस गांवाबाहेरची मजुरी दिली, आणि वसाहतीच्या कलमानें जें साधावयाचें होतें त्याचा कांहीं अंश शहरानें साधला.

स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीविषयीं निर्णय देणें अधिक कठीण आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणें करारानें प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, त्यांत मध्यप्रांताच्या २० होत्या. परंतु अंतिम निवडणूक संयुक्त मतदारसंघाची झाली. संयुक्त मतदारसंघांत अल्पसंख्याकांचा प्रतिनिधि बहुसंख्याकांच्या मर्जीनें ठरतो, असा निवेदनाचा आक्षेप आहे. हा आक्षेप पुढें लेखकाच्याच वांट्यास आला. १९५४ सालीं आपल्या शेजारच्या भंडाऱ्यास झालेल्या पोटनिवडणुकींत राखीव जागेसाठीं उभे राहिलेले आंबेडकर पराभूत झाले. एका निवडणुकीवरून सिद्धांत सिद्ध होत नाहीं हें खरें. पक्ष, काळ, प्रचार यांचाहि त्यांत भाग असतो. परंतु ज्या वर्गाचा सर्वांत मोठा पुढारी त्या वर्गासाठींच राखलेल्या जागेवर निवडून येऊं शकत नाहीं, त्या पद्धतीविषयीं त्या वर्गाच्या मनांत संशय राहिला तर त्यास हट्ट म्हणतां येणार नाहीं.

मग मताधिकार निरुपयोगी काय? मुळींच नाहीं, आणि येथें अमेरिकेचाच उत्तरार्ध पुस्तकावर नवा प्रकाश टाकतो. ७ मार्च १९६५ रोजीं अलाबामांतील सेल्मा येथें मताचा हक्क मागणाऱ्या शांत मोर्चावर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या, आणि त्याच वर्षीं ६ ऑगस्ट रोजीं मताधिकाराचा कायदा झाला. त्यानें नवा हक्क दिला नाहीं. पंच्याण्णव वर्षांपूर्वीं दिलेल्या हक्कास पहारेकरी दिला. केंद्राचे अधिकारी मतदारनोंदणीस जाऊं लागले, आणि ज्या संस्थानांचा पूर्वेतिहास वाईट होता त्यांनीं मतदानाचे नियम बदलण्याआधीं केंद्राची संमति घ्यावी असें ठरलें. मिसिसिपींत नोंदलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचें प्रमाण १९६५ सालीं शेंकडा सात देखील नव्हतें; दोन वर्षांत तें साठांच्या जवळ गेलें. अक्षरें तींच होतीं, राखणारा बदलला होता. पुढें २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, पांच विरुद्ध चार मतांनीं, कोणत्या संस्थानांनीं पूर्वसंमति घ्यावी हें ठरविणारें कलम रद्द केलें, आणि पूर्वसंमतीची व्यवस्था थंडावली. पहारा एकदां बसविला म्हणजे कायमचा बसला, असें समजणाऱ्यांस यांत उत्तर आहे.

भारतीय घटनेनें या बाबतींत दूरदृष्टि दाखविली, आणि तींत आंबेडकरांचा हात आहे. १५ जून १९४९ रोजीं निवडणूक आयोगाचें कलम मांडतांना, कांहीं प्रांतांत परभाषी व परवंशी लोकांस मतदारयाद्यांतून वगळलें जात असल्याच्या तक्रारी त्यांनीं घटना समितीपुढें ठेवल्या, आणि म्हणून मतदारनोंदणीची देखरेख प्रांतांच्या हातीं न ठेवतां एका केंद्रीय आयोगाकडे द्यावी असें सुचविलें. मिसिसिपीचा नोंदणी अधिकारी त्या क्षणीं त्यांच्या डोळ्यांपुढें होता कीं नव्हता हें सांगण्याची गरज नाहीं. उपाय त्याच रोगावरचा होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सुमारें १७ कोटी ३० लक्ष मतदारांची नोंद झाली, आणि त्यांत अक्षरओळखीची वा कराची अट कोणासहि नव्हती.

या निवेदनांतील किती गोष्टी पुढें खऱ्या झाल्या, हें पाहिल्यास त्याचें मोल ध्यानांत येतें. दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तळीं व घाट सर्वांस खुले करणारें कलम घटनेंत आलें. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यास १९७६ सालीं ‘नागरी हक्क संरक्षण’ हें नांव मिळालें, आणि १८६६ च्या शब्दांचा प्रतिध्वनि आपल्या कायद्याच्या नांवांत उमटला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें मत देण्यापासून धाकानें परावृत्त करणें हा अपराध ठरविला. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मात्र महाराष्ट्रांत २०१६ सालीं झाला व २०१७ मध्यें अमलांत आला. म्हणजे १९३० सालीं लंडनमध्यें मांडलेल्या कल्पनेस महाराष्ट्राच्या कायदेपुस्तकांत शिरण्यास शहाऐंशी वर्षें लागलीं.

आपण शिकलेलीं माणसें हक्कांविषयीं बोलतांना बहुधा घटनेंतील कलमाचा आंकडा सांगतों आणि समाधान पावतों. ज्यास तो हक्क बजावावयाचा आहे त्याचें पाणी, त्याची मजुरी आणि त्याचें मत दुसऱ्या दिवशीं कोणाच्या हातीं असतें, हें विचारण्याची संवय आपणांस नाहीं. ती संवय लावणें हें या लहानशा पुस्तकाचें खरें काम आहे. घरांतील मुलामुलींच्या हातीं घटनेची प्रत देणाऱ्यांनीं तिच्याबरोबर हें निवेदनहि द्यावें. त्यांतील सर्व उपाय पटोत वा न पटोत, कोणताहि हक्क वाचतांना त्याचा राखणदार कोण हें शोधण्याची दृष्टि त्यांस त्यांतून मिळाल्यावांचून राहणार नाहीं.